एकाच मशीनवर मोजलेली माणसं

४ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

ईमेल तू न वाचताच पुसून टाकशील, म्हणून कागदावर लिहितोय. कागद फाडताना माणसाचा हात जरा तरी अडखळतो. फोन तू माझा उचलत नाहीस. आईचा उचलतेस, पण ती तो बाल्कनीत नेते आणि मागे दार ओढून घेते. काचेतून मला तिचे फक्त हातवारे दिसतात. त्यांवरून माझ्याविषयी काही फार बरं बोललं जात असेल असं वाटत नाही.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस ते मला लागलं. तुझ्याही जिवाला लागलं असणार, नाहीतर तू छत्री विसरली नसतीस. ती दारामागे टांगून ठेवली आहे.

भांडण उकरून काढायचं नाही, पण जे तेव्हा ओरडून सांगितलं ते एकदा शांतपणे सांगू दे. तुझ्या अभ्यासात रक्तदाबाच्या रुग्णांना दवाखान्यातल्या नर्सबाई दर महिन्याला फोन करणार, गोळ्या चालू आहेत ना, संपल्यात का, विचारणार. निम्म्या दवाखान्यांत फोन होणार, निम्म्यांत नाही, आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या माणसांचा दाब मोजायचा. कल्पना फार चांगली आहे. रविवारी मी हे म्हणालोच नाही, हे तू गेल्यावर ताटं उचलताना माझ्या लक्षात आलं. तू विचारलंस, "बाबा, बारा दवाखाने, प्रत्येकी चाळीस माणसं. पुरतील ना?" आणि मी घास गिळून म्हणालो, "पन्नास दवाखाने लागतील."

त्यावर तू जे म्हणालीस ते मला पाठ झालंय. "तुम्हाला माझं काही कधी पुरेसं वाटलंय का हो, बाबा?"

अगं, मी तुझ्याविषयी बोलत नव्हतो, दवाखान्यांविषयी बोलत होतो. एका दवाखान्यातली चाळीस माणसं म्हणजे चाळीस सुटी माणसं नव्हेत. त्यांचा डॉक्टर एक, नर्स एक, औषधांचं कपाट एक, बाहेरचा चढसुद्धा एकच. ती थोडीफार एकमेकांसारखी होतातच. हा सारखेपणा किती, याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि त्यावर दवाखाने किती घ्यायचे ते ठरतं. आम्ही संख्याशास्त्रवाल्यांनी त्याला गटांतर्गत सहसंबंध असं दात पडायला लावणारं नाव दिलंय. तू तो शून्य धरलास. मी दहा शतांश धरला. एवढ्याशा फरकानं बाराचे पन्नास झाले, त्याला मी काय करू?

आणि मी हट्टाला का पेटलोय तेही ऐक. बारा दवाखान्यांत तुझा अभ्यास झाला, फोनचा उपयोगही झाला, पण आकडे तोकडे म्हणून तो दिसलाच नाही, तर मार्चअखेरी ज्या समितीपुढे तुझा अर्ज जाणार आहे तीच समिती उद्या म्हणेल, फोन बिनकामाचे, बंद करा. मग पुन्हा तो विषय कोणी काढणार नाही. तुझ्या हातानं तुझीच कल्पना मोडीत निघेल. ते मला बघवणार नाही.

पत्र टाकायला स्वतः जातोय. जिना हल्ली जरा लांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे मधल्या मजल्यावर बसून खिडकीतून रस्ता बघतो. चांगली जागा आहे, इतकी वर्षं लक्षातच आली नव्हती.

तुझा,
बाबा


१५ फेब्रुवारी

मुंगाबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. तोंड फुगवून बसण्यात तू लहानपणापासून वस्ताद आहेस, आणि ती कला तुला कोणाकडून मिळाली ते आई रोज चहाबरोबर मला सांगते.

खालच्या शिंप्याकडे पँटची कंबर नीट करून घ्यायला गेलो होतो. त्यानं विचारलं, "साहेब, मुलगी रागावून गेली म्हणे?" म्हणजे बाल्कनीतलं बोलणं खालपर्यंत ऐकू जातं, फक्त मला घरात ऐकू येत नाही. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला म्हटलं, समजा तुला बघायचंय की अमुक गिरणीच्या कापडाचा रंग जातो का. तू एका थानातून बारा रुमाल फाडलेस आणि बाराही धुतलेस. रंग गेला नाही. आता तू बारा वेळा तपासलंस की एकदा?

तो म्हणाला, "एकदाच की. थान एकच आहे ना."

"मग माझी मुलगी रागावली ते बरोबर की चूक?"

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "थानाचं तुमचं बरोबर आहे, साहेब. रागावण्याचं तिचं बरोबर असेल. जेवताना कशाला सांगितलंत?"

मग मी पँटविषयी बोललो.

मुंगे, तुझा शून्य आला कुठून ते मला ठाऊक आहे. तू आधी चार दवाखान्यांत दहा-दहा माणसं घेऊन छोटी चाचणी केलीस. गणित केलं तर सारखेपणा शून्याच्याही खाली आला, तेव्हा तू तो शून्य धरलास. हिशेबात चूक नाही. पण चार दवाखान्यांवरून दवाखान्यांची जात ओळखायची म्हणजे चार शेजाऱ्यांवरून गावाचा स्वभाव ठरवण्यासारखं आहे. तो शून्य खरा असेलही, पण तो तीन असू शकतो, दहा असू शकतो, पंधराही असू शकतो. त्यावर तुझ्यासारख्या हुशार मुलीनं घर बांधावं हे काही मला पटत नाही.

तुला आठवतं का, तू दुसरी-तिसरीत असताना घरी कुत्रा हवा म्हणून मतं गोळा केली होतीस? आठ जणांची मतं, आठही कुत्र्याच्या बाजूनं. कागद माझ्यापुढे आपटून म्हणालीस, "घ्या." मी यादी वाचली तर आठातली पाच वरच्या मजल्यावरची भावंडं होती, आणि त्या पाचांना तू कुत्र्याला फिरवायला द्यायचं कबूल केलं होतंस. तेव्हा मी इतका हसलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. कुत्रा मात्र आणला. यादी खोटी होती, पण इच्छा खरी होती ना.

तशी ही इच्छाही खरी आहे हे मला कळतं. पण समिती म्हणजे बाप नव्हे. ती पाच भावंडांची पाच मतं मोजून घेणार नाही.

आईनं माझ्या नकळत माझा चष्मा तपासायला टाकलाय. उठताना परवा मला जरा गरगरलं, ते चष्म्यामुळेच असणार. तू काळजी करू नकोस. दाब रोज सकाळी मोजतो, आपल्या घरच्या मशीनवर. १२८. गेली कित्येक वर्षं त्याच्याच आसपास. आईचाही सुंदर. दोघं एकाच घरातली, एकाच हातचं खाणारी, त्यामुळे सारखेपणा दिसायचाच.

बाबा


२७ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

तुझं पत्र आलं. सात ओळींचं असलं तरी पत्र आहे. आईला दाखवलं नाही, उशीखाली ठेवलंय. तिला अर्थातच ते सापडलं.

तू लिहितेस, "पन्नास दवाखाने मला जन्मात मिळणार नाहीत. बारा मिळवताना चपला झिजल्या. तुमचा आकडा बरोबर असेल, पण मग अभ्यास होणारच नाही, आणि गोळ्या सोडून बसलेल्या बायकांना कोणी फोनही करणार नाही. इतक्या बरोबर आकड्याचं मी काय करू?" आणि शेवटी, "तुमचा तो दहा शतांश तरी आला कुठून?"

पहिलं वाचून मला वाईट वाटलं. दुसरं वाचून खरं सांगतो, राग आला. मी तुझ्या शून्याची चिरफाड केली, पण माझ्या आकड्याला कोणी हात लावावा हे मला झेपलं नाही. अंघोळ होईपर्यंत मनातल्या मनात तुला खणखणीत उत्तरं देत होतो. मग टॉवेल घेताना वाटलं, पोरगी विचारतेय ते रास्तच आहे की.

तो आकडा आमच्या संस्थेच्या सोळा दवाखान्यांच्या पाहणीतला. माझ्या निवृत्तीच्या आधीची शेवटची मोठी पाहणी. तिच्या अहवालात सारखेपणा दहा शतांश असा छापलाय, आणि छापलाय मीच. तुला सांगताना मी फक्त अहवालातला आकडा आठवला, आतली एकेका माणसाची मापं पुन्हा पाहिलीच नाहीत. मी काढलेला आकडा म्हणजे पक्का, असं मी धरून चाललो.

तेव्हा आज संस्थेत फोन केला. माझ्या जागेवर बसलेली मुलगी मला 'सर' म्हणते आणि माझ्याविषयी घाबरत बोलते, हे तुला ऐकायला आवडलं असतं. ती सगळी मूळ मापं पाठवतेय. ती आली की बसतो.

आणि तुझ्या चपला खरंच झिजल्या असतील तर नव्या घे. तू फाटेपर्यंत वापरतेस.

बाबा


६ मार्च

मुंगे, मुंगे, मुंगे!

आधी गोड बातमी. चोवीस!

आता नीट सांगतो. सोळा दवाखान्यांची मापं मी टेबलावर पसरली. आईनं जेवायला जागा मागितली तेव्हा तिला म्हटलं, आज ओट्यावर जेवू. पंधरा दवाखाने एकमेकांच्या जवळपास. थोडं वर, थोडं खाली, जसं असायला हवं तसं. आणि एक दवाखाना, बारा नंबरचा, एकटाच खाली. तिथे म्हातारे, जाडे, सिगारेट ओढणारे, सगळ्यांचा दाब सोन्यासारखा. बाकीच्यांपेक्षा सरासरी वीसनं कमी! इतकी गुणी वस्ती कुठे असते का? असती तर आपण तिथेच घर घेतलं असतं.

बारा नंबर बाजूला काढून पुन्हा गणित केलं. सारखेपणा दहा शतांशावरून तिनावर आला. मला आधी खरंच वाटेना. उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दोन पाहण्यांची मापंही मागवली, तिथेही तीनच्या आसपासच. तीन धरले तर बावीस दवाखाने पुरतात, आणि एखाददुसरा दवाखाना मधेच अंग काढून घेतो म्हणून चोवीस. बारा तुझ्याकडे आहेत. बाराच मिळवायचे. चपला घेतल्यास का?

पण माझं एवढ्यावर समाधान होईना. न आवडणारा दवाखाना वगळून आवडता आकडा काढला, असं उद्या समिती म्हणेल. का वगळला याचं कारण हवं. म्हणून बारा नंबरच्या तेव्हाच्या सिस्टरना शोधून फोन लावला. त्याही निवृत्त झाल्यात, नातवाला भरवत होत्या. विचारलं, तुमच्याकडची माणसं इतकी निरोगी कशी? त्या म्हणाल्या, "आम्हालापण तेच वाटायचं हो! आमची माणसंच गुणी. मग पाहणी झाल्यावर नवीन मशीन आलं आणि आठवड्यात सगळ्यांचा दाब चढला. आम्ही म्हटलं, उन्हाळा."

उन्हाळा!

मी इतका हसलो की आई पुन्हा स्वयंपाकघरातून धावत आली. दवाखान्यात एकच मशीन होतं, मुंगे. ते म्हणे एकदा टेबलावरून पडलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांशी गोड बोलत होतं. माणसं एकमेकांसारखी नव्हतीच. ती फक्त एकाच मशीनवर मोजली होती. मशीनचा सारखेपणा मी माणसांच्या नावावर लावला आणि तुला पन्नास सांगून ताटावरून उठवलं.

तुझ्या अभ्यासात एवढं कर. सगळी मशीनं आधी एका खात्रीच्या मशीनशी ताडून घे, आणि मग दवाखान्या-दवाखान्यांत फिरवत ठेव. एक मशीन एका जागी मुरू देऊ नकोस. अर्जाला जोडायचं टिपण सोबत पाठवतोय. त्यात वगळण्याचं कारण लिहिलंय, सिस्टरचं म्हणणं लिहिलंय आणि मुख्य म्हणजे माझी चूक माझ्या नावानं लिहिली आहे. तू विचारलं नसतंस, आकडा आला कुठून, तर मी जन्मभर तो दहा शतांश मिरवत राहिलो असतो. हे मी शिंप्यालाही जाऊन सांगितलं. म्हटलं, थान वाईट नव्हतं, इस्त्री वाईट होती.

फोन ठेवता ठेवता सिस्टर आणखी एक गोष्ट म्हणाल्या, पण ती काही महत्त्वाची नाही.

तुझा आनंदी,
बाबा


१९ मार्च

माझी मुंगी,

आईकडून कळलं, चोवीस झाले आणि अर्ज गेला. या वेळी ती बाल्कनीत न जाता माझ्यासमोर बोलली, फोन मोठ्यानं लावून, आणि तुझा आवाज ऐकून मी उगाच वर्तमानपत्र झटकत बसलो. शेवटचे पाच दवाखाने तू कसे मिळवलेस ते मला सविस्तर ऐकायचंय. तू म्हणालीस की समितीतल्या बाईंनी टिपण वाचून विचारलं, स्वतःची चूक इतकी तपशिलात लिहिणारा हा माणूस कोण. आणि तू म्हणालीस, "माझे बाबा." मी दोनदा आईकडून खात्री करून घेतली, असंच म्हणालीस ना.

आता ती बिनमहत्त्वाची गोष्ट. आई म्हणते, तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन, आणि तिनं लिहिलं तर माझी अब्रू राहणार नाही.

मी सिस्टरना सहज विचारलं होतं, त्या जुन्या मशीनचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हालाच दिलं की! निरोपाच्या दिवशी. साहेबांना आकडे फार आवडतात म्हणून."

मी फोन ठेवला, कपाट उघडलं आणि आपलं घरचं मशीन उलटं करून पाहिलं. खाली पांढऱ्या रंगात बारा लिहिलंय. रोज सकाळी हातात घेत होतो, उलटं कधी केलं नव्हतं.

हसू नकोस. बरं, हस. ज्या माणसानं तुझ्या शून्यावर महिनाभर विश्वास ठेवला नाही, तो स्वतःच्या १२८ वर सहा वर्षं डोळे मिटून होता. चष्मा, जिना, हवा, सगळ्यांवर खापर फोडून झालं, आणि मशीन बिचारं गोड बोलत राहिलं. तुला मागचं पत्र लिहिलं त्या दिवशी मला हे सगळं कळलं होतं, तरी मी मूग गिळून बसलो. चोवीसच्या आनंदावर पाणी पडू नये असं वाटलं. शिवाय मला भीतीही वाटली, ती लिहायची कशी ते कळेना.

आईनं तीन दिवसांत ओळखलं. मी मशीन फडक्यात गुंडाळून कपाटाच्या मागे सरकवलं होतं, आणि जो माणूस कधी फडकं घडी करत नाही त्यानं ते घडी करून ठेवलं, तिथेच मी पकडला गेलो. तिनं मला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. १५२. आईचाही निघाला १४६. म्हटलं ना, आपल्या घरात सारखेपणा फार. डॉक्टर घाबरले नाहीत, तूही घाबरू नकोस. आम्हा दोघांना सकाळी एकेक गोळी दिलीय. आई माझ्यावर नजर ठेवते आणि मी तिच्यावर, त्यामुळे कोणाची चुकत नाही. तुझ्या नर्सबाईंच्या फोनचा उपयोग होतो की नाही, ते तुला सहा महिन्यांनी कळेल. आमच्या घरात आत्ताच कळलंय.

डॉक्टर म्हणाले, घरी चांगल्या मशीनवर काही दिवस नियमानं मोजा. कोपऱ्यावरच्या दुकानात मशीन मिळतं, आई आणायला निघालीही होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, आपल्याकडे एक डॉक्टर आहे, तिच्याकडे तपासून घेतलेली चोवीस मशीनं आहेत, त्यातलं एक ती घेऊन येईल.

तेव्हा ये. एकदा मोजून लगेच निघून जायचं नाही, ते चालणार नाही. एका मापावर मी विश्वास ठेवत नाही हे तुला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ मोजावं लागेल, दोघांचं, आणि निदान आठवडा तरी. हे शास्त्र आहे, माझा हट्ट नव्हे.

आणि त्या रविवारी तू विचारलंस, तुम्हाला माझं काही कधी पुरेसं वाटलंय का. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. एक गोष्ट नाही वाटली. त्या दिवशी तू दुपारपुरती आलीस, अर्ध्या ताटावरून उठून गेलीस. ते मला मुळीच पुरलं नाही.

छत्री अजून दारामागेच आहे.

तुझा,
बाबा